मामा, तुमचा बिघाड सापडला

मामा, मुद्द्याची गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मध्येच तोंड घालणार नाही. बारववाडीचा पंप चालू आहे. काल सकाळी रेश्माचा फोन होता, शाळेची टाकी भरून वाहायला लागली म्हणून तिनंच बंद केला. तुम्ही टाकलेला बिघाड बायकांनी शोधला. कुणी शोधला, किती वेळ लागला, मी डोळ्यांनी काही सुचवलं का, हे सगळं ओळीनं सांगणार आहे. तोवर गप्प बसून ऐका. एरवी कधी जमलं नाही, आता तरी जमेल.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. शोकसभा मोठी झाली. सभागृह भरलं होतं, दाराबाहेर चपलांचा ढीग. कुणी तुम्हाला ऊर्जापुरुष म्हणालं, कुणी जलदूत. मला हसू आवरेना, तर शेजारी बसलेल्या मामींनी मांडीला चिमटा काढला. वळून बघते तर त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या. तुमचं शिक्षण किती, गिरणीत किती वर्षं, पुरस्कार कुठले, सगळं सांगून झालं. पण नरसय्या नावाचा हा माणूस गावोगाव जाऊन चांगली चालणारी यंत्रं बिघडवून यायचा, हे एकानंही सांगितलं नाही. म्हणून मी हे लिहायला बसले.

भवानी पेठेतल्या आपल्या संस्थेच्या खोलीवर मी पहिल्यांदा आले तो दिवस तुम्ही हजारदा सांगून माझी टर उडवलीत. आता मी सांगते. हातात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, अंगात नवा ड्रेस, आणि केमजवळच्या आमच्या वस्तीत इंजिनिअर झालेली पहिली मुलगी असल्याचा ताठा. विहारात सत्कार झाला होता माझा, कमी समजू नका. खाली बंद पडलेला मागाचा कारखाना, वर एक खोली, भिंतीला टेकवून ठेवलेली सौर पॅनेलं. कानावर पेन्सिल खोवून जमिनीवर बसलेल्या लुंगीवाल्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "साहेब कधी येतात?"

"येतील की," तुम्ही म्हणालात. "तवर ह्ये बघ." आणि एक बंद सौर कंदील माझ्यापुढं सरकवलात.

मी सुरू झाले. सेल, सर्किट, व्होल्टेज, जे जे पाठ होतं ते सगळं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पुस्तक चांगलं पाठ हाय तुला. आता सांग, ह्यात खोटं कोण बोलायलंय?"

यंत्र बंद पडतं तेव्हा त्यातला एक जण खोटं बोलत असतो आणि बाकीचे बिचारे खरे असतात, असं तुमचं शास्त्र. जॉबर म्हणून तुमचा जन्म मागांच्या खडखडाटात गेला. माग अडला की ज्याला हाक मारायची तो जॉबर. एवढ्या आवाजात एका मागाचा ठोका चुकला तरी तुमची मान वळायची, असं मामी सांगतात. त्या दिवशी कंदिलातला खोटारडा शोधायला मला दोन तास लागले. बटणाखालची पट्टी गंजली होती. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून ये." मी म्हणाले, "साहेबांना विचारायला नको?" शेजारच्या खोलीतून मामी चहा घेऊन येत होत्या, त्यांच्या हातातली बशी पडता पडता राहिली.

आपल्या पहिल्या गावाची आठवण काढली की मला अजून लाज वाटते. शाळेत दिवे बसवले, पॅनेल बसवलं, हार झाले, भाषणं झाली, फोटो निघाले. तीन महिन्यांनी गेलो तर एकही दिवा लागत नव्हता. पॅनेल आपण दक्षिणेकडं तोंड करून बसवलं होतं, ते गावकऱ्यांनी फिरवून पूर्वेला केलं होतं. सूर्यदेवाचं यंत्र, त्याचं तोंड उगवतीकडं नको का? शिवाय काचेवर रोज सकाळी हळदकुंकू. थरावर थर चढून काच दिसेनाशी झाली होती. उदबत्ती लावायला खाली कोनाडासुद्धा केला होता. मी चिडले, मला वाटलं आता तुम्ही त्यांची खरडपट्टी काढाल. तुम्ही आधी हसलात, मग फडक्यानं काच पुसत बसलात. येताना एसटीत टेंभुर्णी गेल्यावर म्हणालात, "त्यांचं काय चुकलं? आपण देव आणून बसवला. यंत्र दिलंच न्हाय."

तिथून बिघाडाचा दिवस सुरू झाला. मुळात ती तुमच्या कारखान्यातली रीत. नव्या माणसाच्या हाती माग द्यायच्या आधी जुना जॉबर त्यातलं काहीतरी एक गुपचूप बिघडवायचा आणि चहाला निघून जायचा. परत येईपर्यंत माग चालू असला तर माग त्याचा. तुम्ही तेच गावात आणलंत. पंप असो, दिवे असोत, सगळं बसवून, शिकवून झालं की आदल्या दिवशी तुम्ही एकटे जायचात आणि एकच बिघाड टाकून यायचात. काय केलंय ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी माझ्याकडं द्यायचात. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायकांनी दिवस मावळायच्या आत तो शोधायचा. सापडला तर त्याच क्षणी यंत्राच्या पेटीची किल्ली त्यांच्या हातात. फीत नाही, नारळ नाही, पाहुणे नाहीत. नाही सापडला तर चिठ्ठी उघडून समजावून सांगायचं आणि महिन्यानं नवा बिघाड घेऊन परत यायचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुमचं डोकं फिरलं असं वाटलं मला. बायका तापल्या उन्हात डोक्यावर हंडे वाहतात, पंप तयार आहे, आणि आपण तो मुद्दाम बंद पाडून त्यांना कोडं घालायचं? मी तुम्हाला दुष्ट म्हणाले होते, आठवतं? तुम्ही शेंगाचटणीचा घास मोडत म्हणालात, "व्हय, हाय मी दुष्ट. जेव आता."

आणि मग तो अक्कलकोटकडचा घोळ. तिथल्या बायका गोंधळल्या, कानडीत एकमेकींना काहीबाही विचारायला लागल्या, आणि माझा जीव तुटायला लागला. मी बोलले काहीच नाही. फक्त चिठ्ठीत लिहिलेल्या फ्यूजच्या डबीकडं दोनदा बघितलं. दहा मिनिटांत बिघाड सापडला, टाळ्या झाल्या, किल्ली दिली. आठ दिवसांनी पंप बंद, आणि फोन मला. तुम्ही म्हणालात, "त्यांनी बिघाड शोधलाच न्हाय. तुझे डोळे वाचले." त्यानंतर प्रत्येक बिघाडाच्या दिवशी मला पाठ करून बसवायची शिक्षा झाली. यंत्राकडं पाठ, डोक्यावर छत्री, दिवसभर. एवढी शिकलेली बाई, आणि शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखी. गावागावातल्या पोरांनी माझी चेष्टा केली. मी ते विसरलेले नाही.

पोरांवरून सायकल आठवली. स्टँडवर चढवलेली ती जुनी सायकल, मागच्या चाकाला डायनामो. शाळेशाळेतून तुम्ही ती नेलीत. पोरगी पायडल मारणार आणि समोरचा दिवा लागणार. छोटा एलईडी लगेच लागायचा. मग तुम्ही हळूच जुना पिवळा बल्ब लावायचात आणि पोरगी घामाघूम व्हायची. "आता इस्त्री लावू का?" असं तुम्ही विचारलं की वर्ग ओरडायचा. आपल्याच पेठेतल्या एका मुलीच्या वडिलांनी तक्रार केली होती, पोरगी आता रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की घर डोक्यावर घेते. तुम्ही ती तक्रार मेडल मिळाल्यासारखी सगळ्यांना सांगत सुटला होतात.

पण मी बारववाडीकडं येते. तुम्ही वाट बघत असाल.

ती बारव आपण पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती बारव आहे हे सांगावं लागत होतं. काठावर बाभळी, आत गाळ, गाळावर प्लास्टिक, आणि वरून दिसत होत्या फक्त चार पायऱ्या. कमलबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "माझ्या सासूनं हितलं पाणी पिलंय. मी न्हाय पिले." पहिली पाटी तिनंच उचलली. दोन उन्हाळे गाळ निघत राहिला. पायरीमागून पायरी उघडी पडली. वरच्या ओढ्याला दगडाचे बांध घातले, पावसाचं पाणी थांबायला लागलं, मुरायला लागलं. गाळाच्या पाट्या ओढताना दोर तुटला तेव्हा तुम्ही कमलबाईला विणकराची गाठ शिकवलीत. तुटलेलं सूत मागावर जोडतात ती गाठ, लहान, चपटी, हाताला लागतसुद्धा नाही अशी. आणि ज्या दिवशी तळाच्या कोपऱ्यातून झरा सुटला, त्या दिवशी तुम्ही ओंजळभर पाणी प्यायलात, "गोड हाय" म्हणालात आणि तोंड फिरवलंत. डोळ्यात धूळ गेली म्हणालात. गुडघाभर चिखलात उभे होतो आपण मामा, धूळ कुठली तिथं?

मग पंप. एवढ्या पायऱ्या चढून हंडे आणायला नकोत म्हणून काठावर पॅनेल, खाली पंप, वर शाळेजवळ टाकी. पाण्यात तो पिवळा गोळा सोडला, तारांनी वरच्या पेटीला जोडलेला. पाणी भरपूर असलं की तो वर तरंगतो आणि पंप चालतो, पाणी उतरलं की लटकतो आणि पंप आपोआप थांबतो, म्हणजे बारव कोरडी पडेपर्यंत कुणी उपसणार नाही. रेश्मा बारावी शिकलेली, नव्यानं लग्न होऊन आलेली. ती मीटर लावायला शिकली. कमलबाईला मीटरचे आकडे वाचता येत नव्हते, म्हणून तिला पंप सांभाळणाऱ्या गटातून वगळूया असं मी म्हणाले होते. तुम्ही ऐकलं नाहीत. चुकलं माझं.

त्या शनिवारी तुम्ही एकटे गेलात, बिघाड टाकलात आणि दुपारी केम स्टेशनवरून मला फोन केलात. गाडीला उशीर होता, तुम्ही खुशीत होतात. "टाकलाय. असा टाकलाय की तूसुद्धा बघत राहशील." माझं त्या दिवशी डोकं तापलेलं होतं. मदत देणारे पुन्हा पुन्हा विचारत होते की तयार पंप तुम्ही अडवून का ठेवता, आणि उत्तरं मी देत होते. मी म्हणाले, "मामा, हे शेवटचं. यापुढं बिघाडाचा दिवस बंद. साधं उद्घाटन करायचं आणि पुढं जायचं."

तुम्ही म्हणालात, "मी मेल्यावर कर की बंद."

"तुम्ही कुठले मरताय लवकर," असं म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेतलात आणि गेलात. मामी साखर आणायला आत वळल्या होत्या, तेवढ्यात. मी आले तेव्हा तुमची पेन्सिल अजून कानावर होती. ती मी काढली. ती माझ्याकडंच आहे, मागू नका.

बारववाडीच्या बायका पहिल्या गाडीनं आल्या. रडून झाल्यावर कमलबाईनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बिघाड टाकलाय का न्हाय मामांनी?" मी म्हणाले, टाकलाय, पण काय ते ठाऊक नाही. तेव्हा मामींनी तुमच्या चष्म्याच्या घरातून चिठ्ठी काढून दिली. वर मराठीत माझं नाव, घडी खळीनं चिकटवलेली. मागाच्या सुताला लावतात ती खळ. आजवर तुम्ही कधी चिठ्ठी चिकटवली नव्हती.

आपल्या संस्थेचे अध्यक्ष भले माणूस, त्यांना वाटलं ते त्यांनी सांगितलं. "सुमन, चिठ्ठी उघड, पंप चालू करून ठेव, आणि मामांच्या फोटोला हार घालून गावाला देऊन टाकू. आता परीक्षा कसल्या घ्यायच्या?" मला ते पटलंसुद्धा होतं. पण कमलबाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मामांनी टाकल्याला बिघाड आमीच काढणार. तुमी चिठ्ठी उघडली तर पंप तुमचा, आमचा न्हाय."

तुमचे दिवस झाले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. मामीपण आल्या. इतक्या वर्षांत एकाही गावाला तुम्ही त्यांना नेलं नाहीत, आणि त्यांनीही कधी म्हटलं नाही. त्या दिवशी म्हणाल्या, "ह्यांनी काय बिघडवून ठेवलंय ते बघायला येतो मी." लिंबाखाली मी बारवेकडं पाठ करून बसले, छत्री उघडली, शेजारी मामी. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये. तेरा दिवस त्या पंपाला कुणी हात लावला नव्हता. डोळ्यांसमोर भरलेली बारव असताना बायकांनी ते दिवस हंडे वाहिले होते.

मला दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. रेश्मा मीटरचे आकडे मोठ्यानं वाचत होती. पेटीतला लाल दिवा लागलेला होता, म्हणजे कुठंतरी अडलंय एवढंच कळत होतं. दुपारच्या सुमाराला एकदम गलका झाला. पेटीतून पंपाकडं जाणारी वायर कुरतडलेली सापडली होती. मलाही वाटलं, सापडला बिघाड. त्यांनी वायर जोडली, चिकटपट्टी गुंडाळली, बटण दाबलं. पंप गप्प. तो बिघाड तुमचा नव्हताच मामा, तो उंदराचा होता. तेरा दिवसांत त्यानं पण आपला एक टाकला होता.

त्यानंतर आवाज बसत गेले. ऊन कलायला लागलं. अध्यक्षांचा फोन आला, "झालं का?" मी म्हणाले, होतंय. एक म्हातारी मागून कुणाला तरी म्हणाली, "माणूसच गेला, आता बिघाड कोण सांगणार?" मलाही तीच भीती होती. तुम्ही गेलात म्हणजे सगळंच गेलं, आपण पंधरा गावांत जे उभं केलं ते तुमच्या एका माणसाच्या जिवावर होतं, हे त्या संध्याकाळी सिद्ध होणार होतं. नाही सापडला तर महिन्यानं परत यायचं ठीक आहे, पण नवा बिघाड टाकायला कोण येणार होतं?

मी चिठ्ठी बाहेर काढली. खरं सांगते. घडीच्या कडेला नख घातलं. एकदा वाचायचं, उठायचं, पाणी पिण्याच्या निमित्तानं जायचं आणि बघायच्या जागी एकदा बघायचं, बस. बायकांना पाणी मिळालं असतं. खळ नखाखाली चुरत होती.

मामी बघत होत्या. म्हणाल्या, "उघडायचं तर उघड गं. ते कुठं बघायला येणार हाईत आता."

मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली. का ठेवली ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही बघत असतात तर कदाचित उघडली असती, भांडायला तरी मिळालं असतं.

तेवढ्यात मागून रेश्माचा आवाज आला. ती कुणाशी नाही, स्वतःशीच बोलत होती. "ऊन हाय. पॅनेल खरं बोलतंय. वायर जोडली, ती खरं बोलती. पाणी तर डोळ्यानं दिसतंय. मग खोटं कोण बोलतंय?"

मामा, तुमचा प्रश्न, आणि तोही तिच्या तोंडून, माझ्या पाठीमागून.

मग पेटीचं झाकण काढल्याचा आवाज, स्क्रू दगडावर ठेवल्याचा आवाज. रेश्मानं गोळ्याच्या दोन तारा पेटीतून सोडवल्या आणि एकमेकींना जोडल्या. पंपानं हुंकार दिला. पाइपातून पाणी चढल्याचा घुळघुळ आवाज मी कानानं ऐकला. बायका ओरडायला लागल्या, चालू झाला, चालू झाला. मी उठणारच होते, तर पंप पुन्हा बंद. रेश्मानंच बंद केला.

"अगं चालू झाला की," कमलबाई करवादली.

"चालू झाला म्हणजे सापडला न्हाय," रेश्मा म्हणाली. "गोळ्याला बाजूला काढून चालिवला मी. असंच चालिवला तर उन्हाळ्यात बारव कोरडी पडंल, मोटार जळंल. मोटार खरी हाय. गोळा खोटं बोलतोय. का बोलतोय ते बघाय पाहिजे."

छत्रीखाली मी रडायला लागले. मामी मला पदर देत होत्या आणि स्वतःही रडत होत्या. कारण बिघाड तेव्हाच सापडला होता मामा, दोरा मिळायच्या आधीच. तुम्ही असतात तर किल्ली तिथंच फेकली असतीत.

कमलबाई पायऱ्या उतरायला लागली. तिच्या जोडव्यांचा आवाज खाली खाली जात होता. वरून बघितलं तर गोळा छान तरंगतोय असंच सगळ्यांना दिसत होतं, म्हणून सकाळपासून त्याच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता. ती शेवटच्या पायरीवर गेली, पाण्यात हात घातला, आणि बारवेतून तिचा आवाज घुमत वर आला. "ह्येला खालून दोरा बांधलाय. पांढरा. तोंड खाली वढलंय ह्येचं." मग जरा थांबून, हळू आवाजात, पण बारवेत हळू बोललेलंही वर येतं, "गाठ मामांची हाय."

तिनं दोरा तोडला नाही. गाठ सोडवली. मग पेटीत तारा जागच्या जागी बसल्या, झाकण लागलं, बटण दाबलं, लाल जाऊन हिरवा लागला असं मला सांगायला रेश्मा धावत आली. "ताई, वळा आता." मी वळले. टाकीच्या तोंडातून पाणी पडत होतं, आणि सूर्य अजून बाभळींच्या वर हातभर होता. किल्ली मी कमलबाईच्या हातात दिली, रेश्माच्या नाही. तुम्ही असंच केलं असतंत ना? तिनं ती मंगळसूत्रात अडकवली. दोरा तिच्याकडंच आहे, मनगटाला गुंडाळलाय, देत नाही.

मग सगळ्यांच्या देखत मी चिठ्ठी उघडली. रीत आहे, ताडून बघायचं. घडी उलगडली आणि बघतच राहिले. अख्खी चिठ्ठी तेलुगूत, तुमच्या घरच्या भाषेत.

इतकी वर्षं तुमच्या चिठ्ठ्या मराठीत. पेन्सिलीनं लिहिलेल्या, वेलांट्या चुकलेल्या, पण मराठी. ही पहिली तेलुगू. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. बायका म्हणाल्या, "वाचा की ताई." मी चिठ्ठी मामींकडं दिली. मामी तेलुगू शाळेत चार इयत्ता गेलेल्या. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून मनात वाचलं, आणि इतक्या हसल्या की चिठ्ठी हातातून पडली. मग उचलून मराठीत सांगितलं.

"पिवळ्या गोळ्याला खालून दोरा बांधलाय. सुमन आज वेळेआधीच ही चिठ्ठी उघडणार. बायकांसाठी तिचा जीव लई तुटतो. म्हणून तेलुगूत लिहायलोय. तिला वाचता येणार न्हाय, बायकाच शोधतील. मग ती माझ्याशी भांडायला येईल. भांडू दे."

सगळी बारववाडी हसली. मी पण हसले, आणि मग लिंबाच्या पारावर बसून तुमच्यासाठी पोटभर रडले, तेरा दिवसांत रडले नव्हते तेवढं. भांडायला येईल म्हणून लिहिलंत आणि कुठं गेलात?

फोनवरचं ते वाक्य मला मागं घ्यायचं आहे. "तुम्ही कुठले मरताय" असं नको होतं मला म्हणायला. सावकाश या, जेवून घ्या, असं म्हणायचं होतं. बाकी जे म्हटलं होतं तेही मागं घेते. बिघाडाचा दिवस बंद करणार नाही. पुढच्या महिन्यात सांगोल्याकडच्या गावी बिघाड टाकायला मी जाणार आहे, तुमची पेन्सिल कानाला लावून. चिठ्ठी रेश्माकडं देणार, आणि पाठ करून तिला बसवणार. छत्री तिला आत्ताच देऊन टाकली आहे. कमलबाई त्या गावच्या बायकांना गाठ शिकवायला येणार आहे, तिला मी बोलावलंसुद्धा नव्हतं.

आता शेवटचं ऐका, आणि मग भांडा काय भांडायचं ते. त्या दिवशी बारववाडीत खोटं कोण बोलत होतं, याचा मी घरी येऊन पुन्हा नीट विचार केला. पॅनेल खरं होतं. मोटार खरी होती. गोळा बिचारा बांधलेला होता. रेश्मा खरी, कमलबाई खरी. खोटं बोलत होती ती तुमची चिठ्ठी. तुमचा आयुष्यातला एकच अंदाज चुकला मामा, आणि तो माझ्याबद्दलचा. पंप चालू होईपर्यंत ती चिठ्ठी मी उघडली नव्हती. मामी साक्षीला आहेत.